रव्यात उमटलेले पाणी

फ्रँकफर्टच्या गणपतीत दर वर्षी कोणीतरी नवीन भेटते आणि विचारते, "तुम्ही काय करता?" मी सांगते, लोगोपेडिन आहे. मग समोरची व्यक्ती समजुतीने मान हलवते. "अच्छा, म्हणजे तोतऱ्या मुलांना बोलायला शिकवता." मी गेल्या वसंतात निवृत्त झाले, पण हे वाक्य काही निवृत्त व्हायला तयार नाही. अशा वेळी माझा नवरा मथियास मोदक खाता खाता त्याच्या मोडक्या मराठीत मदतीला येतो. "नाही नाही, ही मोठ्या माणसांना बोलायला लावते. घरात मात्र मला गप्प बसवते." लोक हसतात आणि विषय तिथेच संपतो. म्हणून आज या अंकात जागा मिळाली आहे तर नीट सांगून टाकते.

मी मूळची मिरजेची. जर्मन शिकायला बॉनला आले, तिथे मथियास भेटला, आणि त्याला भिंगांच्या कामात नोकरी लागली म्हणून आम्ही येनाला आलो ते कायमचेच. इथल्या एका रिहॅब हॉस्पिटलात माझी सगळी नोकरी झाली. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली की काही माणसांची वाचा जाते. त्याला वाचाघात म्हणतात. बाहेरच्याला वाटते की माणूस खुळा झाला. तसे नसते. आत विचार शाबूत असतो, पण शब्दापर्यंत जाणारी वाट बुजलेली असते. ती वाट मोकळी करायची, नाहीतर दुसरी शोधायची, हे आमचे काम. शिवाय गिळण्याचे स्नायूही बऱ्याचदा लुळे पडतात, त्यामुळे रुग्णाने काय खायचे-प्यायचे हेही लोगोपेडिनच ठरवते. साहजिकच हॉस्पिटलात आमच्याइतके शिव्याशाप कोणाला मिळत नाहीत.

शिव्यांवरून आठवले. लॅटिनचे एक निवृत्त मास्तर आमच्याकडे होते, अत्यंत सभ्य गृहस्थ. आघातानंतर त्यांच्याकडे एकच शब्द उरला, आणि तो छापण्यासारखा नाही. 'गुड मॉर्निंग'लाही तोच, 'सूप गरम आहे'लाही तोच. शिव्या, गाणी, आकडे मेंदूत वेगळ्या कप्प्यात असतात, म्हणून पुष्कळदा तेवढेच वाचते. त्यांची बायको लाजेने अर्धी होत असे. मी मात्र खूश, कारण त्या एका शब्दात मास्तर विनंती, आभार, कौतुक सगळे वेगवेगळ्या सुरांत म्हणत. त्या सुरांना धरूनच आम्ही पुढे बाकीचे शब्द ओढून आणले.

आणि एक पुण्याचे काका होते. आयटीतल्या मुलाकडे राहायला आले आणि आठवड्यात आजारी पडले. फाइलवर लिहिले होते, 'रुग्ण प्रतिसाद देत नाही.' बिचाऱ्याशी दिवसभर मोठमोठ्याने जर्मन बोलत होते सगळे. मी कानाशी जाऊन म्हटले, "अहो काका, चहा टाकू का?" काकांनी एक डोळा उघडला. "आलं असेल तर."

तेव्हापासून मी मनाशी खूणगाठ बांधली होती. माणसाची भाषा गेली असे लिहिण्याआधी आपण त्याला कोणत्या भाषेत विचारले, ते बघायचे. माझी समजूत होती की एवढे कळले म्हणजे सगळे कळले. ते किती अपुरे होते, ते मला फ्राऊ युनने दाखवले. तीच गोष्ट सांगायला मी अधीर झाले आहे. अजूनही ती सांगताना माझा आवाज चढतो.

फ्राऊ युन तरुणपणी कोरियाहून पश्चिम जर्मनीत नर्स म्हणून आली. त्या काळी बऱ्याच मुली अशा आल्या होत्या. तिने जर्मन माणसाशी लग्न केले, आणि बर्लिनची भिंत पडल्यावर नवऱ्याच्या नोकरीमुळे ती दोघे येनाला आली. नवरा वारला. ती टेकडीवरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहत होती. मेंदूच्या डाव्या बाजूला आघात झाला, उजवा हात लुळा पडला, बोलणे पूर्ण बंद झाले. मी टेबलावर चार चित्रे मांडायची आणि जर्मनमध्ये म्हणायची, "मासा दाखवा." ती भलत्याच चित्रावर बोट ठेवायची, मग दुसऱ्यावर, मग हात मागे घ्यायची. काकांचा धडा आठवून मी युनिव्हर्सिटीतल्या एका कोरियन विद्यार्थिनीला बोलावले. तिने कोरियन बोलून पाहिले, कोरियन लिपीत लिहून दाखवले. फ्राऊ युनने त्या कागदाकडे बघितले आणि तोंड भिंतीकडे वळवले. मी अहवालात लिहिले की बोलणे, ऐकून समजणे, वाचणे आणि लिहिणे, चारही गेले.

तिची मुलगी मिना फ्रँकफर्टला बँकेत. एकुलती एक. जमेल तेव्हा धावतपळत यायची, लॅपटॉप उघडाच असायचा, आणि आईच्या उशाशी बसण्यापेक्षा कॉरिडॉरमध्ये फोनवर जास्त असायची. तरी मला ती आवडत असे, कारण घाबरलेली आहे हे ती लपवत नव्हती.

"मी कोर्टात बेट्रॉयुंगचा अर्ज दिलाय," तिने एकदा सांगितले.

जर्मनीत माणूस स्वतःचे निर्णय घेऊ शकत नसला तर कोर्ट त्याच्या वतीने निर्णय घ्यायला कोणाची तरी नेमणूक करते. त्याला बेट्रॉयुंग म्हणतात. पण त्याआधी न्यायाधीशाला स्वतः रुग्णाकडे येऊन त्याचे म्हणणे ऐकावे लागते, हा नियम मला फार आवडतो.

"आणि मग?" मी विचारले.

"मग येनाचा फ्लॅट सोडायचा. माझ्या ऑफिसजवळ वृद्धांसाठी एक चांगलं होम आहे, तिथे जागा मिळतीये. ती इथे एकटी असताना मला झोप कशी लागेल, सांगा ना."

"आईला काय वाटतं?"

मिनाने लॅपटॉप मिटला. "ते तुम्हीच सांगा. तुम्हीच लिहिलंय ना, तिला काहीच कळत नाही म्हणून."

खरेच होते ते. दोन आठवड्यांनी न्यायाधीश येणार होत्या आणि माझ्याच अहवालावर फ्राऊ युनचे घर जाणार होते. ते जाणे तिला मान्य आहे की नाही, हे ती कोणालाच सांगू शकत नव्हती.

त्याच सुमारास आमची सिस्टर झिल्के म्हणाली, "हे बघ, ही बाई दिवसभर नेस्टेल्न करते."

नेस्टेल्न हा इथल्या नर्सांचा नेहमीचा शब्द. गोंधळलेले रुग्ण चादर चुरगाळतात, पांघरुणाशी चाळे करतात, त्याला म्हणतात. यावर उपाय म्हणून एक खास गोधडी मिळते. तिला बटणे, चेन, नाड्या लावलेल्या असतात, म्हणजे हाताला चाळा मिळतो. ती फ्राऊ युनला दिली. तिने डाव्या हाताने एकेक करून सगळी बटणे लावली, चेन ओढली, गोधडीची व्यवस्थित घडी केली आणि पायथ्याशी ठेवून दिली. झिल्के हे तक्रारीच्या सुरात सांगत होती. मी मात्र सावध झाले. गोंधळलेले माणूस एका हाताने अशी घडी घालत नाही.

मी खुर्ची ओढून तिच्या डाव्या बाजूला बसले आणि काही न बोलता नुसती बघत राहिले. डाव्या हाताची तर्जनी मांडीवर फिरत होती. मधोमध वरून खाली एक रेघ, खाली पोचल्यावर बारीकसा आकडा. मग डावीकडे एक वळण. मग उजवीकडे दोन फटकारे. मग बोट उचलले जायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. क्रम एकदाही चुकला नाही. चाळा करणारा हात क्रम पाळत नाही. क्रम पाळतो तो गिरवणारा हात. आपण नाही का, 'क' लिहिताना आधी दांडा, मग पोट, आणि शिरोरेघ शेवटी?

ही बाई लिहीत होती. इतक्या दिवसांपासून ती सगळ्यांच्या देखत लिहीत होती आणि चार्टवर आम्ही नेस्टेल्न म्हणून नोंदवत होतो.

पेन दिले तर तिला डाव्या हातात धरवेना. संध्याकाळी मी घरी आले ती थेट रव्याच्या डब्याकडे गेले.

"उपमा?" मथियासने आशेने विचारले.

"नाही, पाटी."

आमच्याकडे जुन्या काळी शाळेत धूळपाटी असायची. फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने अक्षर काढायचे, पाटी हलवली की पुसले. मला स्वतःला ताटातल्या तांदळात 'श्री' गिरवल्याचे आठवते. दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलच्या जेवणाच्या ट्रेमध्ये रवा पसरला आणि तिच्यापुढे ठेवला. फ्राऊ युनने ट्रेकडे बघितले, मग माझ्याकडे. मग तिने पुढे सरकून बोट टेकवले. मधली रेघ, आकडा, डावे वळण, उजवे फटकारे. रव्यात एक डौलदार चिन्ह उभे राहिले. (संपादक म्हणतात की ही चिन्हे छापायचा टाइप त्यांच्याकडे नाही, तेव्हा वाचकांनी माझ्या वर्णनावर भागवून घ्यावे.)

मला ते वाचता येत नव्हते, पण ते वाचायचे असते एवढे कळत होते. मी फोटो काढून मथियासला पाठवला. त्याच्या लॅबमध्ये मोरिता नावाचे जपानी सहकारी आहेत आणि त्यांच्या पत्नी इथल्या लोकशिक्षण केंद्रात कुंचल्याने अक्षरे काढायला शिकवतात. पंधरा मिनिटांत त्यांचाच फोन आला.

"पाणी," मोरिताबाई म्हणाल्या. "पाणी असं लिहिलंय. कोणी लिहिलं हो? हात सवयीचा आहे."

मी कॉरिडॉरच्या मधोमध उभी होते. हसू आणि रडू एकदम आले. फ्राऊ युनला गिळण्याचा त्रास होता, म्हणून तिला पातळ काही देणे मना होते. पाण्यात पावडर घालून ते खळीसारखे दाट करून चमच्याने द्यायचे, असा आदेश होता, आणि खाली माझीच सही होती. ते चिकट पाणी पिऊन वैतागलेली ती बाई दिवसेंदिवस मांडीवर लिहीत होती, पाणी, पाणी.

मी मुख्य डॉक्टरांना खेचतच आणले. त्यांनी रव्याचा ट्रे बघितला आणि ते माझ्याइतकेच हरखले. "अगदी तोच क्रम, प्रत्येक वेळी?" असे विचारत त्यांनी तिला दोनदा लिहायला लावले. मग आम्ही गिळण्याची तपासणी नव्याने केली. तोवर गळ्यात ताकद आलेली होती. माझ्या देखरेखीखाली, हनुवटी खाली धरून, एकेक चमचा साधे पाणी चालेल असे ठरले. पहिला चमचा तिने तोंडात घेतला, डोळे मिटले, आणि गिळल्यावरही ते बराच वेळ उघडले नाहीत.

आता हे कसे झाले ते सांगते. चिनी अक्षरे आपल्या अक्षरांसारखी आवाजाची नसतात, मुख्यतः अर्थाची असतात. घड्याळावरचा इंग्रजी 5 घ्या. मराठी माणूस त्याला पाच म्हणेल, तमिळ माणूस ऐंदु, जर्मन फ्युन्फ, पण कागदावरची खूण एकच आणि अर्थही एकच. चिनी अक्षरे अशीच चीनमधून कोरियात, जपानात, व्हिएतनाममध्ये गेली. त्या भाषा मुळात चिनीपेक्षा पार वेगळ्या, पण खुणा सगळ्यांनी घेतल्या आणि खुणांबरोबर हजारो शब्दही घेतले, आपल्याकडे संस्कृत शब्द मराठीत, बंगालीत, तेलुगूत जाऊन बसले तसे. पूर्वी या देशांतले विद्वान एकमेकांना भेटले की बोलता येत नसे, मग समोरासमोर बसून कुंचल्याने गप्पा मारत. एकाने लिहायचे, दुसऱ्याने वाचून खाली उत्तर लिहायचे. दोघे आपापल्या भाषेत मनात वाचणार आणि तरी गप्पा रंगणार. हे मला मोरिताबाईंनी सांगितले तेव्हा मी आनंदाने टेबलावर थाप मारली होती.

पुढे कोरियाने स्वतःची आवाजाची लिपी घडवली, आणि ती इतकी सुटसुटीत आहे की चिनी अक्षरे हळूहळू मागे पडली. आवाजाची लिपी वाचायची तर मेंदूला ध्वनी जुळवावे लागतात. फ्राऊ युनची तीच वाट बंद झाली होती, म्हणून जर्मनही गेले आणि कोरियनही. खुणेवरून थेट अर्थाकडे जाणारी वाट काही रुग्णांत वेगळी शाबूत राहते. शिकत असताना जपानी रुग्णांबद्दल मी अशी एक ओळ वाचली होती. ती ओळ माझ्यासमोर ट्रे घेऊन बसेल, असे काही वाटले नव्हते.

मी मिनाला फोन केला. तिला पटेना.

"आम्ही कोरियन आहोत, चिनी नाही," ती जरा तोडूनच म्हणाली. "आमची लिपी आमची आहे. मला शिकवताना आई हेच अभिमानाने सांगायची."

दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. आवाज बदललेला होता. "मी सोलच्या मावशीला विचारलं. त्यांच्या लहानपणी पेपरातल्या हेडलाइन चिनी अक्षरांत असायच्या म्हणे. आणि आईची नर्सिंगची पुस्तकं पण. रोगांची नावं, औषधं, सगळं त्यातच पाठ केलंय तिने. मला कधी बोलली नाही."

मोरिताबाईंनी मला साध्या शब्दांच्या चिठ्ठ्या करून पाठवल्या. हात, मासा, डोंगर, आग, घर, पाऊस. मी चित्रे मांडली आणि एकेक चिठ्ठी फ्राऊ युनपुढे ठेवू लागले. मासा. तिने उचलून चित्रावर ठेवला. हात. ठेवला. मी पुढची चिठ्ठी ठेवली, तशी ती थांबली. चिठ्ठीकडे बघितले, माझ्याकडे बघितले, आणि शिकाऊ नर्सकडे बघावे तशा नजरेने बघितले. मग दोन बोटांनी चिठ्ठी गरकन फिरवली आणि डोंगरावर ठेवली. मी ती उलटी ठेवली होती.

माझ्या आख्ख्या नोकरीत कोणत्याही चाचणीने मला इतका आनंद दिलेला नाही. बाकी सगळ्या उत्तरांबद्दल कोणी म्हणू शकले असते की अंदाजाने जमले असेल. पण अक्षर उलटे आहे हे ते वाचणाऱ्यालाच कळते. मी त्या दिवशी हॉस्पिटलपासून घरापर्यंत ट्राम न घेता चालत गेले, आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावेसे वाटत होते. शेवटी मथियासला दोनदा सांगितले.

बोलणे मात्र तिला अजूनही परत आलेले नाही. सगळे प्रयत्न करून पाहिले. तिचा आवाज एकदा ऐकायला मिळाला असता, ही रुखरुख माझ्या मनात आहे.

सुनावणी जवळ आली. माझ्याकडे सुटी सुटी चिन्हे होती, पण न्यायाधीशाला संवाद लागतो. कोरियन विद्यार्थिनीच्या पिढीला ही अक्षरे जेमतेम येतात. येनात समोर बसून लिहू-वाचू शकेल अशी हाताशी एकच व्यक्ती होती, मोरिताबाई. मी मिनाला म्हटले, त्यांना बोलावते.

"जपानी बाई?" ती म्हणाली. "माझ्या आजोबांना कोरियावरच्या जपानी राजवटीत स्वतःचं नाव बदलायला लागलं होतं. आईच्या घरात त्या देशाचं नाव पण काढत नसत. ती तोंड फिरवेल, आणि मग पुन्हा लिहिणारच नाही."

ती भीती मलाही होती. मोरिताबाईंना मी हे स्पष्ट सांगितले. त्या म्हणाल्या, "त्यांनी तोंड फिरवलं तर मी निघून जाईन. पण येते."

त्या आल्या, दारातच वाकून नमस्कार केला, आणि जवळ येण्याची परवानगी मागितल्यासारख्या तिथेच थांबल्या. त्या जपानी आहेत हे फ्राऊ युनला नमस्काराच्या पद्धतीवरून कळलेच असणार. तिचा चेहरा दगडी झाला. मोरिताबाईंनी कागद पसरला, सोबत आणलेल्या दगडावर शाईची कांडी उगाळली आणि स्वतःचे नाव लिहून तिच्यासमोर सरकवले. फ्राऊ युन बराच वेळ त्या नावाकडे बघत राहिली. मिना दारापाशी नखे खात उभी होती. मग फ्राऊ युनने डावा हात पुढे केला. मी जाड दांड्याचा कुंचला तिच्या मुठीत बसवून दिला. तिने दोन अक्षरे लिहिली, वाकडी पण ठाम.

मोरिताबाईंनी वाचले आणि त्या एकदम हसायला लागल्या. "म्हणतात, शाई फिकी आहे."

खरोखरच फिकी होती. त्यांनी ती मुकाट्याने पुन्हा उगाळली, चांगली काळीभोर होईपर्यंत. फ्राऊ युनने मान डोलावली. त्यानंतर दोघी कागदावर कागद भरत गेल्या, एक कोरियन आणि एक जपानी, दोघींना एकमेकींचा एक शब्द बोलता येत नव्हता. पाय दुखतो. खोली गरम आहे. नवरा मेला. मुले किती? मला तर जागेवर बसवत नव्हते. मी त्या दोघींच्या मागे उड्या मारायच्या तेवढ्या बाकी होत्या.

सुनावणीच्या दिवशी न्यायाधीशबाई सायकलवरून आल्या, हेल्मेट खिडकीत ठेवले आणि सरळ फ्राऊ युनसमोर बसल्या. मी काय चालले आहे ते सांगितले. त्यांनी शांतपणे विचारले, "या कशावरून समजून लिहितायत? सवयीने हात चालत नसेल कशावरून?" मी चिठ्ठ्या काढल्या. त्यांनी माझ्या हातातून त्या घेतल्या आणि स्वतः, मुद्दाम, सगळ्या उलट्यासुलट्या करून मांडल्या. फ्राऊ युनने प्रत्येक चिठ्ठी सरळ करून चित्रावर ठेवली. न्यायाधीशबाईंनी पेनचे टोपण काढले.

"ठीक आहे. त्यांना विचारा, त्यांच्या राहण्याबद्दल कोणी ठरवावं?"

मोरिताबाईंनी क्षणभर विचार केला आणि लिहिले. घर, मग कोण, आणि पुढे दोन अक्षरांत, निर्णय. कागद फिरवून ठेवला.

मिना माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा दंड धरला होता आणि तिला ते कळतही नव्हते. होमच्या जागेचे तिला त्याच आठवड्यात कळवायचे होते, फ्लॅट सोडण्याची नोटीस लिहून तयार होती.

फ्राऊ युनने कुंचला शाईत बुडवला, दगडाच्या कडेला निथळवला आणि लिहिले. दोन अक्षरे. मग कुंचला खाली ठेवला आणि मुलीकडे बघितले.

"होन्निन," मोरिताबाईंनी जपानीत वाचले आणि जर्मन शब्द शोधू लागल्या.

"बोनिन?" मिना म्हणाली. तिला ती अक्षरे वाचता येत नव्हती, पण तो आवाज तिच्या कानातला होता. "बोनिन म्हणाली का ती? आई फोनवर म्हणायची हे. कोरियातल्या बँकेचा फोन आला, तिथल्या सरकारी ऑफिसातून फोन आला, समोरचा विचारायचा, कोण बोलतंय, की ती ताठ बसून म्हणायची, बोनिन."

"म्हणजे काय?" न्यायाधीशबाईंनी विचारले.

"खुद्द," मोरिताबाई म्हणाल्या. "ज्याची गोष्ट आहे, तो स्वतः."

शेकडो वर्षांपूर्वी चीनमधून निघालेली ती दोन अक्षरे एका दिशेने जपानात गेली, एका दिशेने कोरियात, आणि येनाच्या एका हॉस्पिटलात तीन बायकांच्या मध्ये एकाच अर्थाने टेबलावर पडली होती. माझ्या अंगावर काटा आला. हे आत्ता लिहितानाही येतो आहे.

न्यायाधीशबाईंनी लिहून घेतले. "माझ्या मते इथे बेट्रॉयुंगची गरज नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना मदत लागेल, घरी नर्स लागेल, लिहायला माणूस लागेल. पण इच्छा कोणती ते त्या सांगू शकतायत. निकाल लेखी येईल."

मिना रडत होती. "मी तुझ्यासाठीच करत होते," ती आईला जर्मनमध्ये म्हणाली, आणि आईला ते समजणार नाही हे आठवून मध्येच थांबली.

फ्राऊ युनने दुसरा कागद ओढला. या वेळी तिने सावकाश लिहिले आणि लिहिलेले मोरिताबाईंना न दाखवता सरळ मुलीपुढे धरले. मिनाने तो मोरिताबाईंकडे वळवला.

"रविवार," त्यांनी वाचले. "आणि खाली, ये."

"रविवारी ये?"

"एवढंच लिहिलंय."

मिनाने डोळे पुसले. नोकरी लागल्यापासून तिचा एकही रविवार आईच्या वाट्याला आलेला नव्हता. ती लॅपटॉपची पिशवी खांद्यावरून काढून आईच्या पलंगावर बसली. "'येईन' कसं लिहायचं?" तिने मोरिताबाईंना विचारले. त्यांनी ते अक्षर तिच्या तळहातावर बोटाने काढून दाखवले. मिनाने कुंचला उचलला, जीभ दातांत धरून ते कसेबसे कागदावर उतरवले आणि आईपुढे ठेवले.

फ्राऊ युनने ते नीट निरखले. मग नापसंतीने मान हलवली, कोरा कागद घेतला आणि तिला पुन्हा लिहायला लावले.